डॉक्टर सिम्प्सन व बाळंतिणीच्या कळा

बाळंतपणाच्या कळा देवानेंच स्त्रीला नेमून दिल्या आहेत, त्या मुकाट्यानें सोसाव्या, त्यांवर औषध मागणें हें अविश्वासाचें लक्षण होय, असें म्हणणारे लोक आमच्या मंडळ्यांत अजून आढळतात. रत्नागिरी जिल्ह्यांतील खाडीकांठच्या व डोंगराकडच्या गांवीं ही समजूत शेजारच्या घरांतही आहे. मात्र तेथें ती दैवाच्या नांवानें बोलली जाते, आणि आमच्या घरांत पवित्र शास्त्राच्या नांवानें. उलट पक्षीं, शहरांत नोकरीस गेलेल्या आमच्या मुलींपैकीं कांहीं जणी बाळंतपणाच्या वेळीं पाठींत सुई घेऊन वेदना बंद करण्याचा उपाय करून घेतात, आणि त्यांच्या आया गांवीं बसून घाबऱ्या होतात. हा उपाय करणें पाप आहे काय, आणि त्यांत धोका आहे काय, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. हे दोन्ही ज्यांच्या आयुष्यांत एकत्र येऊन उभे राहिले, त्या डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन ह्यांचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जेम्स ह्याचा जन्म 7 जून 1811 रोजीं स्कॉटलंड देशांत बाथगेट नांवाच्या लहानशा गांवीं झाला. बाप डेव्हिड पाव भाजण्याचा धंदा करी. भावंडांत जेम्स सर्वांत धाकटा. तो 9 वर्षांचा असतां त्याची आई वारली. घरची स्थिति बेताची होती, तरी बाप व थोरले भाऊ ह्यांनीं आपापल्या मिळकतींतून पैसा बाजूस काढून ह्या एकाला शिकविण्याचें ठरविलें, आणि वयाच्या 14 व्या वर्षीं तो एडिंबरो येथील विश्वविद्यालयांत दाखल झाला. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे मिशनरी 1823 पासून आमच्या बाणकोट व हर्णै येथें कामास लागले होते. त्या सोसायटीचें ठाणें ह्याच एडिंबरो शहरीं होतें; तेव्हां हें शहर आमच्या जिल्ह्यास अगदींच परकें नव्हे.

त्या काळीं शस्त्रक्रिया म्हणजे जाग्या मनुष्यास बांधून किंवा धरून कापणें. विद्यार्थी असतां सिम्प्सन ह्यांनीं एका स्त्रीचें स्तन कापतांना पाहिलें, आणि तिच्या यातना त्यांस इतक्या असह्य झाल्या कीं, वैद्यकी सोडून वकिलाच्या कचेरींत काम धरावें असा विचार त्यांच्या मनांत आला, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. पण ते परत फिरले, आणि वेदना बंद करण्यास कांहीं उपाय निघेल काय, हा प्रश्न बरोबर घेऊनच फिरले. 1832 सालीं ते एम. डी. झाले, आणि 1840 सालीं, तिशीही गांठली नसतां, एका मताच्या फरकानें त्याच विश्वविद्यालयांत प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक नेमले गेले.

ऑक्टोबर 1846 मध्यें अमेरिकेंतील बॉस्टन शहरीं ईथर हुंगवून रोग्यास बेशुद्ध करून शस्त्रक्रिया केल्याची वार्ता सर्वत्र पसरली. सिम्प्सन ह्यांनीं 19 जानेवारी 1847 रोजीं तेंच औषध एका अडलेल्या बाळंतिणीस दिलें. त्या स्त्रीच्या कंबरेचें हाड वांकडें असल्यानें प्रसूति फार कठीण होती. ह्या प्रयोगांत एक मोठी गोष्ट त्यांच्या ध्यानांत आली. वेदना थांबली, तरी गर्भाशयाचें काम थांबलें नाहीं. म्हणजे मूल जन्मास येण्यास आईनें तळमळलेंच पाहिजे, असा सृष्टीचा नियम नव्हता.

ईथरचा वास उग्र, त्यानें खोकला येई, व तें पुष्कळ लागे. म्हणून दुसरें औषध शोधण्यासाठीं सिम्प्सन व त्यांचे दोन सोबती, डॉक्टर कीथ व डॉक्टर डंकन, हे रात्रीं जेवणानंतर मेजाभोंवतीं बसून निरनिराळीं द्रव्यें स्वतःच हुंगून पाहत. डेव्हिड वॉल्डी नांवाच्या एका रसायनशास्त्रज्ञानें क्लोरोफॉर्म हें द्रव्य त्यांस सुचविलें होतें. हे वॉल्डी पुढें आमच्याच देशांत कलकत्त्यास येऊन राहिले. 4 नोव्हेंबर 1847 च्या रात्रीं तिघांनीं क्लोरोफॉर्म हुंगलें, आणि तिघेही गुंगी येऊन पडले. थोड्याच दिवसांत सिम्प्सन ह्यांनीं तें बाळंतिणींस देण्यास आरंभ केला.

आक्षेप लगेच निघाले. देवानें हव्वेला जें सांगितलें त्यावरून प्रसूतीचें दुःख हें देवाज्ञेनें आहे, आणि तें टाळणें म्हणजे त्या आज्ञेस आडवें येणें होय, असें कित्येकांचें म्हणणें पडलें. सिम्प्सन ह्यांनीं डिसेंबर 1847 मध्यें एक लहान पुस्तक छापून त्यास उत्तर दिलें. त्यांचें म्हणणें असें कीं, उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायांत हव्वेविषयीं जो इब्री शब्द आहे त्याचा अर्थ श्रम, कष्ट असा आहे. पुढच्याच वचनांत आदामाच्या शेतीविषयींही त्याच मुळाचा शब्द आला आहे. जमीन कांटे उपजवील असें आदामास सांगितलें असतां, शेतकऱ्यानें कांटे उपटणें, बैल जोडून नांगर धरणें, ह्यांत कोणी पाप मानीत नाहीं. मग पुरुषाचे कष्ट हलके करणें योग्य, आणि स्त्रीचे हलके करणें अयोग्य, हा न्याय कोठला? शिवाय आदामाची फासळी काढण्यापूर्वीं देवानें त्यावर गाढ निद्रा आणिली, हेंही त्यांनीं दाखविलें. त्यांनीं आपल्या देशांतील एक जुनी गोष्टही सांगितली. धान्य वारविण्यासाठीं वारा घालणारें यंत्र प्रथम निघालें, तेव्हां वारा उत्पन्न करणें हें देवाचें काम, असें म्हणून कांहीं भाविक लोकांनीं त्यास विरोध केला होता. खळ्यावर सूप धरून वाऱ्याची वाट पाहणें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. पंखा लावून भात वारविणाऱ्यास आज कोणी अधर्मी म्हणणार नाहीं.

येथें एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. सर्व पाळकवर्ग सिम्प्सन ह्यांवर उठला, अशी कथा पुष्कळ ठिकाणीं सांगतात, पण ती खरी नाहीं. उघड विरोध करणारे पाळक थोडेच होते. अधिक विरोध डॉक्टरांचा होता. फिलाडेल्फिया येथील डॉक्टर मेग्ज ह्यांचें मत असें होतें कीं, कळा ह्या स्वाभाविक आहेत, आणि स्त्री शुद्धीवर असली म्हणजे चिमटा लावतांना डॉक्टरास तिच्या बोलण्यावरून मार्ग कळतो. असे आक्षेप वचनांनीं खोडून निघत नाहींत. त्यांस अनुभव व हिशेब हेंच उत्तर लागतें.

आणि हिशेबाची वेळ लवकरच आली. 28 जानेवारी 1848 रोजीं इंग्लंडांत न्यूकॅसलजवळ हॅना ग्रीनर नांवाची 15 वर्षांची मुलगी, पायाच्या बोटाचें नख काढण्यापुरतें क्लोरोफॉर्म दिलें असतां, कांहीं क्षणांतच मरण पावली. सिम्प्सन ह्यांनीं मत दिलें कीं, तिला शुद्धीवर आणण्यासाठीं तोंडांत घातलेल्या पाण्यानें व ब्रँडीनें तिचा श्वास कोंडला. औषधाचा दोष नाहीं. लंडन येथील डॉक्टर जॉन स्नो ह्यांस तें पटलें नाहीं. रुमालावर औषध ओतलें तर एका श्वासांत किती पोटांत गेलें हें कळत नाहीं, आणि फार गेलें तर हृदय एकाएकीं बंद पडतें, असें त्यांचें मत होतें. म्हणून मोजून औषध देण्याचें यंत्र त्यांनीं तयार केलें. पुढें आणखीही माणसें अशींच दगावलीं. आपल्या शोधाच्या प्रेमापायीं सिम्प्सन ह्यांनीं त्याचा धोका कमी लेखला, असें आज म्हणावें लागतें. क्लोरोफॉर्मनें हृदयाची गति बिघडते हें 1911 सालीं प्रयोगानें सिद्ध झालें, आणि यथाकाल तें औषध बाळंतपणांतून निघून गेलें.

स्नो ह्यांचा सावधपणा 7 एप्रिल 1853 रोजीं सर्वांस दिसून आला. त्या दिवशीं व्हिक्टोरिया राणीच्या आठव्या बाळंतपणांत त्यांनीं 53 मिनिटेंपर्यंत, प्रत्येक कळेबरोबर रुमालावर थोडें थोडें औषध घालून दिलें. राणी पूर्ण बेशुद्ध झाली नाहीं, पण तिची वेदना पुष्कळ कमी झाली. 1857 सालीं शेवटच्या बाळंतपणांतही तिनें तेंच औषध घेतलें. तेव्हांपासून लोकांची भीति ओसरली. सिम्प्सन ह्यांनीं दार उघडलें, आणि त्या दारांतून जपून कसें जावें हें स्नो ह्यांनीं शिकविलें.

सिम्प्सन ह्यांचा स्वभाव तापट होता, व वादांत ते कठोर शब्द वापरीत. पण गोरगरिबांस त्यांचें दार उघडें असे. हिशेबाचें महत्त्व ते इतर बाबतींत चांगलें जाणत. अवयव कापलेल्या हजारों रोग्यांची गणना करून त्यांनीं दाखविलें कीं, खेड्यांतील घरीं सुमारें 9 रोग्यांमागें 1 मरे, तर मोठ्या रुग्णालयांत 5 मागें 2 मरत. म्हणून रुग्णालयांची सुधारणा करावी असा त्यांनीं आग्रह धरला. 1861 च्या अखेरीस त्यांच्या अंतःकरणांत मोठा पालट झाला, व पुढें ते उघडपणें ख्रिस्ताविषयीं साक्ष देऊं लागले. 1866 सालीं राणीनें त्यांस सरदारकी दिली. त्याच वर्षीं थोड्याशा अंतरानें थोरला मुलगा डेव्हिड व मुलगी जेसी हीं दोघें वारलीं. दुसऱ्यांच्या वेदना दूर करणाऱ्याला आपलें दुःख मात्र जागेपणींच सोसावें लागलें. 6 मे 1870 रोजीं ते देवाघरीं गेले. लंडनच्या मोठ्या मंदिरांत त्यांस पुरण्याची सूचना आली होती, परंतु घरच्या मंडळींनीं एडिंबरो येथेंच, मुलांच्या शेजारीं, त्यांस मूठमाती दिली.

आतां आजच्या उपायाविषयीं. त्यास एपिड्यूरल म्हणतात. कंबरेच्या मणक्यांमधून सुई घालून, मज्जातंतूंच्या आवरणाबाहेरील जागेंत बारीक नळी ठेवितात, व तींतून भुलीचें औषध सोडितात. स्त्री जागी राहते, बोलते, आणि कळांची वेदना पुष्कळ कमी होते. अनेक चांचण्या एकत्र करून 2018 सालीं जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यांत ह्या उपायानें पोट चिरून मूल काढण्याचें प्रमाण वाढत नाहीं, कायमची पाठदुखी लागत नाहीं, आणि जन्मतः बाळाच्या प्रकृतीवर वाईट परिणाम दिसत नाहीं, असें आढळलें. परंतु धोके मुळींच नाहींत असें नाहीं. रक्तदाब उतरतो, ताप येतो, लघवी अडते, पाय जड होतात. चिमटा लावण्याची गरज वाढते असें जुन्या चांचण्यांत दिसलें. नव्या, सौम्य मात्रेच्या रीतींत तें दिसलें नाहीं. सुमारें 100 मध्यें एकीस तीव्र डोकेदुखी होते. मज्जातंतूस गंभीर इजा होणें फारच विरळ आहे. ज्या स्त्रीचें रक्त नीट गोठत नाहीं, किंवा जिच्या पाठीवर सुईच्या जागीं पू झाला आहे, तिला हा उपाय करीत नाहींत. भूल देण्याचें शिक्षण घेतलेला डॉक्टर, रक्तदाब पाहणारी परिचारिका, आणि अडचण आल्यास तत्काळ शस्त्रक्रियेची सोय, इतकें जेथें आहे तेथेंच तो करावयाचा आहे. गांवच्या खोलींत सुईणीनें किंवा औषधविक्यानें गुंगीचें औषध देणें हें सर्वथा वर्ज्य समजावें.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. बाळंतिणीच्या दाराशीं हव्वेचें वचन ओझ्यासारखें नेऊं नका. कोणी मुलीनें शहरांत हा उपाय घेतला, तर तिला दुबळ्या विश्वासाची म्हणूं नका. कोणी न घेतां सोसलें, तर तिला अडाणीही म्हणूं नका. धोके व लाभ डॉक्टरानें आधींच, कळा सुरू होण्यापूर्वीं, तिला समजावून सांगावे, आणि निवड तिनें करावी. कारण अंग तिचें आहे. सासूनें, नवऱ्यानें किंवा पाळकानें तिच्या वतीनें हो किंवा नाहीं म्हणूं नये. जेथें हा उपाय मिळणारा नाहीं तेथेंही करण्यासारखें पुष्कळ आहे. दिवस भरत आले म्हणजे गाडीची तजवीज करून ठेवावी, वेळेवर रुग्णालय गांठावें, आणि ओळखीची एखादी बाई शेवटपर्यंत तिच्याजवळ असूं द्यावी. धीर देणारी सोबतीण सतत जवळ असली म्हणजे वेदनेवर औषध कमी लागतें, हेंही आतां चांचण्यांनीं सिद्ध झालें आहे. दया करतांना माप सोडूं नये, आणि माप पाहतांना दया विसरूं नये, एवढें सिम्प्सन ह्यांच्या गुणांवरून व उणिवेवरूनही आम्हीं शिकावें.