सनद होती, खटले नव्हते : बॅरिस्टर बाबासाहेब



सिंगापूरमध्ये तुम्ही कधी वकिलाकडे गेला असाल, तर ‘ॲडव्होकेट अँड सॉलिसिटर’ असे शब्द एकत्र वाचले असतील. इथे अशील थेट आपल्या पसंतीच्या वकिलाकडे जातो. शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईत तसे नव्हते. मुंबई शहरातले मोठे दिवाणी दावे हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला चालत. तिथे अशिलाने सॉलिसिटरकडे जायचे आणि सॉलिसिटरने बॅरिस्टरला काम द्यायचे, अशी पद्धत होती. हा फरक लक्षात ठेवा. बाबासाहेबांच्या वकिलीची कथा तो समजल्याशिवाय कळत नाही.

बाबासाहेब जून १९२२ मध्ये लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि एप्रिल १९२३ मध्ये मुंबईला परतले. कोलंबिया विद्यापीठ आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स इथले शिक्षण पाठीशी होते, पण वकिलीची सनद घ्यायला हाताशी पैसे नव्हते. त्यांचे पारशी मित्र नवल भथेना मदतीला आले आणि जुलै १९२३ मध्ये हायकोर्टात नाव दाखल झाले.

त्याच साली स्त्रियांना वकिली करू देणारा कायदा भारतात झाला. नाशिकमध्ये जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा १८९२ मध्येच दिली होती, तरी त्यांना तीस वर्षे थांबावे लागले होते. त्यांच्या वाटेतला अडथळा उघड होता आणि कायदा बदलल्यावर तो दूर झाला. बाबासाहेबांना मात्र कायद्याने अडवलेलेच नव्हते. सनद होती, बँड-गाऊन होता, कोर्टाचे दार उघडे होते. फक्त सॉलिसिटर काम देत नव्हते, कारण अस्पृश्य बॅरिस्टरशी व्यवहार त्यांना नको होता. अशा नकाराचा कुठे कागद नसतो, म्हणून त्याविरुद्ध अपीलही करता येत नाही.

बाबासाहेबांनी दुसरी वाट धरली. हायकोर्टाच्या अपील शाखेत जिल्ह्यांतून येणारी कामे सॉलिसिटरशिवाय मिळत. ती त्यांनी घेतली, जिल्हा कोर्टांतही उभे राहिले. परळच्या दामोदर हॉलमधल्या कार्यालयात गरीब माणसे आपली गाऱ्हाणी घेऊन येत आणि कित्येकांचे काम ते फी न घेता करत. घर चालवण्यासाठी १९२५ पासून काही वर्षे त्यांनी बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला.

नाव झाले ते कामातून. ‘देशाचे दुश्मन’ या पुस्तकावरून केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांना बदनामीच्या खटल्यात शिक्षा झाली होती. १९२६ मध्ये पुण्यात बाबासाहेबांनी त्यांचे अपील चालवले आणि ते निर्दोष सुटले. १९३४ मध्ये र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा लोकमताची पर्वा न करता ते कर्व्यांच्या बाजूने उभे राहिले. तो खटला ते हरले, पण ती बाजू घ्यायला मागे सरले नाहीत. महाडच्या चवदार तळ्याबाबत १९२७ मध्ये त्यांच्यावर आणि सहकाऱ्यांवर दावा लावला गेला. तो सुमारे दहा वर्षे लढून १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टात जिंकला गेला. दरम्यान १९३५ मध्ये ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले होते. ज्यांना सॉलिसिटरांनी टाळले, तेच आता पुढचे वकील घडवत होते. पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले कायदामंत्री झाले आणि संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्षही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी त्यांनी आपल्याला धम्म दिला आणि ६ डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले.

आता थोडे आपल्याबद्दल. सिंगापूरच्या संविधानातले अनुच्छेद १२ धर्म, वंश, कुळ आणि जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई करते. पण सॉलिसिटरच्या टेबलावर जे घडले, ते आजही कुठल्याही ऑफिसात घडू शकते. एखादी जागा रिकामी होते, मॅनेजर विचारतो, कोणी ओळखीचे आहे का? नाव सुचवले जाते, आणि ते बहुधा सुचवणाऱ्याच्या गावचे, कॉलेजचे, आडनावाचे असते. ज्याचे नाव कोणी घेतले नाही, त्याला आपण वगळले गेलो हे कळतही नाही.

आपल्यापैकी बरेच जण आज नाव सुचवण्याच्या जागेवर पोहोचले आहेत. म्हणजे आपणही ते सॉलिसिटर होऊ शकतो. कोणाचे नाव पुढे करायचे हा निर्णयही सम्यक आजीविकेचाच भाग आहे. पुढच्या वेळी तुम्हाला कोणी नाव विचारले, तर क्षणभर थांबा. ज्याला तिथे कोणीच ओळखत नाही, पण ज्याचे काम चोख आहे, असा एक माणूस आठवा आणि त्याचे नाव घ्या. तो आपल्या समाजाचा असलाच पाहिजे असेही नाही. नवल भथेना कुठे आपल्या समाजाचे होते?

जय भीम!