चाक, वळण आणि कॉलिन मॅक्रे

आमच्या हाउसमधल्या निम्म्या मुलांना कॉलिन मॅक्रे हे फक्त एका व्हिडिओ गेमचे नाव वाटते. गेम १९९८ साली आला, आणि सुट्टीवरून परतलेला प्रत्येक जण आपण त्यात किती वेळा गाडी उलटवली हे सांगत असतो. पण मॅक्रे खरा होता. स्कॉटलंडचा होता, रॅलीचा जगज्जेता होता आणि माझ्या जन्माच्या तीन वर्षे आधी वारला. मराठी पानासाठी थोर व्यक्तीचे चरित्र लिहा असे सरांनी सांगितले, तेव्हा बहुतेकांनी सेनापती निवडले. मी ड्रायव्हर निवडला. त्याच्या चरित्रात शौर्य भरपूर आहे, पण ते कुठे संपायला हवे होते हाही प्रश्न आहे, आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

कॉलिनचा जन्म ५ ऑगस्ट १९६८ रोजी लॅनार्क या गावी झाला. वडील जिमी मॅक्रे स्वतः पाच वेळा ब्रिटिश रॅली विजेते. घरात गाड्या, गॅरेजमध्ये गाड्या, जेवताना बोलणेही गाड्यांचेच. धाकटा भाऊ ॲलिस्टर हाही पुढे रॅलीतच उतरला. कॉलिनने आधी मोटारसायकली चालवल्या, मग वयाच्या अठराव्या वर्षाच्या सुमारास रॅली सुरू केली. १९९१ आणि १९९२ अशी लागोपाठ दोन वर्षे तो ब्रिटनचा विजेता झाला. त्याच १९९२ साली फिनलंडच्या रॅलीत त्याने गाडी पुन्हा पुन्हा उलटवली आणि तरीही आठवा आला. तेव्हापासून लोक त्याच्या आडनावाची मोडतोड करून त्याला मॅक्रॅश म्हणू लागले.

रॅली म्हणजे गोल ट्रॅकवरची शर्यत नव्हे. जंगलातला किंवा डोंगरातला कच्चा रस्ता बंद करतात, गाड्या एकामागून एक ठरावीक अंतराने सोडतात, आणि प्रत्येक टप्प्याला किती वेळ लागला ते मोजतात. शेजारी बसलेला सहचालक वहीतल्या पेस नोट्स वाचत असतो : पुढे उजवे वळण, किती तीव्र, उतार आहे की चढ, आणि आतली कड कापायची की नाही. हे शेवटचे फार महत्त्वाचे.

वळण कापणे म्हणजे काय, ते परेड ग्राउंडवरही समजते. रांग वळते तेव्हा आतला कॅडेट जागच्या जागी छोटी पावले टाकतो आणि बाहेरचा बिचारा ढांगा टाकत धावतो. आतून गेले की अंतर कमी. गाडीच्या बाबतीत आणखी एक फायदा असतो. आतली दोन चाके रस्ता सोडून गवतात घातली की वाकडे वळण थोडे सरळ होते आणि वेग कमी करावा लागत नाही. एका वळणावर सेकंदाचा छोटासा भाग वाचतो. रॅलीत वळणे शेकड्यांनी असतात, आणि रॅली अनेकदा थोड्याशाच सेकंदांनी जिंकली जाते.

पण गवतात काय आहे ते कोणाला दिसते? झाडाचे बुंधे, मोरीची कड, पावसाने झालेला खड्डा. त्यात आधी गेलेल्या गाड्यांनी तीच कड कापलेली असते, त्यामुळे तिथे चर पडतो आणि आतले दगड उघडे होऊन रस्त्यावर येतात. दोन दिवसांपूर्वी लिहिलेल्या नोट्समध्ये तो दगड नसतो.

आता चाकाबद्दल. सुट्टीत मी येलहंक्याला असतो, कारण बाबा तिथल्या हवाई दलाच्या तळावर आहेत. येलहंक्याला रेल्वेचा चाकांचा कारखाना आहे, रेल व्हील फॅक्टरी. तो १९८४ साली सुरू झाला. आमच्या ओळखीचे एक काका तिथे कामाला आहेत आणि चाक हा विषय निघाला की त्यांचा चहा गार होतो. जुने भंगार पोलाद विजेच्या भट्टीत वितळवतात, ते दाबाने ग्राफाइटच्या साच्यात भरतात, मग चाक पुन्हा तापवून त्याच्या कडेवर पाण्याचा मारा करतात. त्यामुळे कड आतून आवळलेली राहते आणि भेग सहज पसरत नाही. शेवटी ध्वनिलहरींनी तपासतात, कारण डोळ्यांना न दिसणारी बारीक भेगसुद्धा चालत नाही. मी त्यांना विचारले, की असे चाक रॅलीच्या गाडीला लावले तर? ते हसले. रेल्वेच्या चाकाला रुळ सोडून कुठे जायचेच नसते, म्हणून ते बरेच जड असले तरी चालते.

रॅलीच्या गाडीचे तसे नाही. चाक जड असेल तर स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बरला ते आवरत नाही, खड्ड्यावरून उडालेले चाक वेळेत जमिनीवर परत येत नाही, आणि हवेतल्या चाकाला ब्रेकही नाही आणि वळणही नाही. म्हणून चाक हलक्या मिश्रधातूचे करतात. कच्च्या रस्त्यासाठी ते मुद्दाम लहान, पंधरा इंची घेतात आणि त्यावर उंच, जाड बगलेचा टायर चढवतात, म्हणजे दगडाचा पहिला मार रबर खाईल. डांबरी रस्त्यावर दगड कमी, म्हणून तिथे मोठे चाक आणि पातळ टायर चालतो. शहरात हौसेने मोठी अलॉय व्हील बसवणाऱ्यांची रिम खड्ड्यात वाकते किंवा तडकते, त्याचे कारणही हेच. आमच्या भागातला टायरवाला अशा रिम्स भिंतीला ओळीने टांगून ठेवतो.

मला सगळ्यात नवल वाटले ते याचे, की चाक खूप मजबूत केले म्हणून धोका संपत नाही. दगडाचा धक्का कुठेतरी जिरायलाच हवा. चाक वाकले नाही तर धक्का पुढे सस्पेन्शनच्या आर्मला जातो, नाहीतर स्टिअरिंगच्या दांड्याला. वाकलेले चाक दोन-तीन मिनिटांत बदलता येते. आर्म तुटला की गाडी तिथेच.

मॅक्रेने हे जितक्या वेळा अनुभवले तितके क्वचितच कोणी अनुभवले असेल. १९९८ साली अर्जेंटिनात त्याच्या सुबारूचा मागचा आर्म दगडावर आपटून वाकला. तिथे मेकॅनिक नव्हते. त्याने आणि सहचालक निकी ग्रिस्टने रस्त्याकडेचा एक मोठा धोंडा उचलला आणि तो हातोड्यासारखा मारून आर्म सरळ केला! त्या रॅलीत तो पाचवा आला.

त्याच्या आधी, १९९५ साली, तो जगज्जेता झाला होता. शेवटच्या ब्रिटनच्या रॅलीला निघताना तो आणि त्याच्याच संघाचा स्पेनचा कार्लोस साइन्झ यांचे गुण सारखे होते. टायर फुटला आणि मॅक्रे मागे पडला. मग त्याने जंगलाच्या रस्त्यांवर अशी गाडी चालवली, की शेवटी साइन्झला ३६ सेकंदांनी हरवले. तेव्हा तो २७ वर्षांचा होता आणि इतक्या लहान वयात कोणीही जगज्जेता झाले नव्हते. हा विक्रम २०२२ पर्यंत टिकला. एकंदर २५ जागतिक रॅली त्याने जिंकल्या. त्यात केनियाची सफारी रॅली तीनदा आहे, आणि सफारी वेगापेक्षा जपून चालवणाऱ्याला साथ देते. म्हणजे त्याला जपून चालवता येतच नव्हते असे म्हणणे चूक आहे.

२००० साली कॉर्सिकात फोर्डची गाडी रस्ता सोडून खाली कोसळली आणि उलटी पडली. तो आत अडकला होता, गालाचे हाड मोडले होते. काही आठवड्यांतच तो पुन्हा स्पर्धेत उतरला. मग २००१ आले. शेवटच्या रॅलीआधी तो ४२ गुणांनी पहिला होता. मॅकिनेन एका गुणाने आणि रिचर्ड बर्न्स दोन गुणांनी मागे. वेल्समधल्या रॉन्डाच्या चौथ्या टप्प्यात, रॅलीत आघाडीवर असताना, एका उजव्या वळणाची आतली कड त्याने जरा जास्तच कापली. आतले चाक खड्ड्यात आदळले आणि गाडी कोलांट्या खात गेली. दोघेही वाचले. तिसरा आलेला बर्न्स ४४ गुणांनी जगज्जेता झाला. मॅक्रेला दुसरे जगज्जेतेपद कधीच मिळाले नाही.

यावर आमच्यात वाद होतो. एक मित्र म्हणतो की कापले नसते तर तो आघाडीवरही नसता. हे मला पटते. तो रस्ता बंद होता, अंगावर पट्टे होते, गाडीत पोलादी पिंजरा होता, आणि शेजारी बसलेल्या ग्रिस्टला धोका पुरता माहीत होता. येलहंक्याहून नंदी हिल्सला जाताना रविवारी सकाळी जे लोक आंधळ्या वळणावर उजवीकडे घुसतात, त्यांच्यापाशी यातले काहीही नसते. समोरून येणाऱ्याला तर कोणी विचारलेलेही नसते.

१५ सप्टेंबर २००७ रोजी लॅनार्कजवळ मॅक्रेचे हेलिकॉप्टर कोसळले. ते तो स्वतः चालवत होता. त्याच्याबरोबर त्याचा पाच वर्षांचा मुलगा जॉनी, जॉनीचा एक छोटा मित्र आणि मॅक्रेचा एक मित्र असे चौघेही गेले. पुढे चौकशी झाली. मॅक्रेच्या उड्डाण परवान्याची मुदत संपलेली होती. झाडीच्या अरुंद दरीत गरज नसताना तो फार खालून उडत होता, तसे केले नसते तर अपघात टळला असता, असा निष्कर्ष २०११ साली निघाला.

मी हे बाबांना वाचून दाखवले. ते विमानांच्या देखभालीत आहेत. ते म्हणाले की आमच्याकडे फॉर्म ७०० वर सही झाल्याशिवाय विमान जागचे हलत नाही, मग वैमानिक कितीही मोठा असो. रॅलीतही मॅक्रेला दर टप्प्याआधी हेल्मेट, पट्टे, वेळेचे कार्ड असे सगळे दाखवावे लागे. त्या शनिवारी मात्र तो आपल्या घराच्या आवारात उतरत होता आणि तिथे तपासणारे कोणी नव्हते. मागे बसलेल्या दोन मुलांना पेस नोट्स म्हणजे काय तेही ठाऊक नसणार.