म्हातारचळ नव्हे, व्याधी

घरातील वडीलधारे माणूस एकच प्रश्न दहा वेळा विचारू लागले, स्वतःच ठेवलेली वस्तू सापडेना म्हणून सुनेवर आळ घेऊ लागले, की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण मोकळे होतो. दोष एकदा वयाच्या माथी मारला, की उपचाराचा प्रश्नच उरत नाही. या समजुतीला शास्त्राच्या आधारे हादरा देणाऱ्यांत डॉ. अलॉइस अल्झायमर हे प्रमुख होत. त्यांचे नाव आज सर्वतोमुखी आहे, पण ते रोगाचे नाव म्हणून. त्यामागील माणूस मात्र फारसा कोणास ठाऊक नाही.

अल्झायमर यांचा जन्म १४ जून १८६४ रोजी बव्हेरियातील मार्क्टब्राइट या छोट्या गावी झाला. १८८७ साली वैद्यकाची पदवी घेऊन पुढील वर्षी ते फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. मनोरुग्णाला बांधून ठेवणे हा उपचार मानला जाण्याचा तो काळ. तेथील संचालक एमिल झिओली आणि अल्झायमर यांनी मात्र बंधने सोडवून कोमट पाण्याची दीर्घ स्नाने, विश्रांती आणि रुग्णाशी संभाषण यांवर भर दिला. दिवसा रुग्णांमध्ये वावरावे आणि सायंकाळी सहकारी फ्रान्झ निस्ल यांच्यासह सूक्ष्मदर्शकापाशी बसावे, हा त्यांचा क्रम होता.

१९०१ च्या आरंभी त्यांची पत्नी सेसिली निवर्तली आणि तीन लहान मुले मागे राहिली. त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला ऑगस्ट डेटर नावाची स्त्री रुग्णालयात दाखल झाली. वय अवघे ५१. पतीविषयी अकारण संशय, वस्तू लपविणे, स्मरणशक्तीचा झपाट्याने ऱ्हास, अशी तिची लक्षणे होती. पतीचे नाव विचारले तर ती स्वतःचेच सांगे. स्वतःचे नाव लिहावयास घेई आणि मध्येच थांबे. अल्झायमर तिच्यापाशी बसून प्रश्न विचारीत, उत्तराची वाट पाहत आणि प्रत्येक उत्तर टिपून ठेवीत.

पुढे ते म्युनिकला एमिल क्रेपेलिन यांच्या संस्थेत गेले, तरी त्या रुग्णाची चौकशी त्यांनी सोडली नाही. ८ एप्रिल १९०६ रोजी ती वारली, तेव्हा तिचा मेंदू त्यांनी तपासणीसाठी मागवून घेतला. चांदीच्या क्षारांनी पेशी रंगविण्याच्या नव्या पद्धतीमुळे त्यात दोन विकृती स्पष्ट दिसल्या : पेशींबाहेर साचलेले पुंजके आणि पेशींच्या आत झालेला तंतूंचा गुंता. ३ नोव्हेंबर १९०६ रोजी ट्यूबिंगेन येथील मनोविकारतज्ज्ञांच्या सभेत त्यांनी हे निष्कर्ष मांडले. कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या रोगाला अल्झायमर यांचे नाव दिले. १९१२ मध्ये ब्रेस्लाऊ येथे प्राध्यापकपद मिळाले, पण तिकडे जातानाच ते आजारी पडले आणि १९ डिसेंबर १९१५ रोजी, वयाच्या ५१ व्या वर्षी, निधन पावले.

त्यानंतरचा इतिहास उद्बोधक आहे. हा रोग साठीच्या आतील माणसांचा, असे मानून वैद्यकाने वृद्धांच्या विस्मरणाला पुन्हा वार्धक्याच्याच खाती टाकले. वृद्धांतील स्मृतिभ्रंशही बहुधा हाच रोग असतो, हे १९७६ साली रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठामपणे मांडले, तोवर साठ वर्षे उलटून गेली होती.

आजही हा रोग बरा होत नाही. १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले डोनेपेझिल काही काळ लक्षणे सौम्य करते. २०२३ मध्ये तेथेच पूर्ण मान्यता मिळालेले लेकानेमॅब आरंभीच्या अवस्थेत ऱ्हासाचा वेग काहीसा कमी करते, इतकेच. मग तपासणीचा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. उत्तर साधे आहे. विस्मरण करणारा प्रत्येक वृद्ध अल्झायमरचाच रोगी नसतो. खोल नैराश्य, थायरॉइडची उणीव, ब-१२ जीवनसत्त्वाचा अभाव यांनीही माणूस तसाच भ्रमिष्ट दिसू लागतो, आणि या गोष्टींवर उपचार आहेत. म्हातारचळ म्हणून ज्याला कोपऱ्यात बसविले, तो कदाचित औषधाने सुधारणारा रुग्ण असेल.

व्याधी असाध्य असली तरी जवळ बसणे, विचारणे आणि उत्तराची वाट पाहणे या गोष्टी कोणाच्याही हातच्या आहेत. सव्वाशे वर्षांपूर्वी फ्रँकफुर्टच्या त्या डॉक्टरांपाशीही ऑगस्ट डेटरसाठी याहून अधिक काही नव्हते. आपल्या घरातील वृद्धाला निदान तेवढे तरी मिळते काय?