शेजारच्या गावचा शाहीर

मी शिराळ्याची म्हटलं की होस्टेलवर सगळे नागपंचमीचंच विचारतात. पण शेजारच्याच वाळवा तालुक्यात वाटेगाव आहे. तिथे १ ऑगस्ट १९२० ला तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे आपले अण्णाभाऊ, जन्मले. शाळा जेमतेम दीड दिवस! लहानपणी घरच्यांसोबत पायी मुंबई गाठली, पुढे गिरणीत राबले. १९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर लाल बावटा कलापथक काढलं.

‘माझी मैना गावावर राहिली’ ही त्यांची छक्कड मला आधी नुसतं विरहगीत वाटायची. मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला बेळगाव-कारवारचा मुलूख, हे नंतर कळलं. १९६१ मध्ये ‘फकिरा’ कादंबरीला राज्य पुरस्कार मिळाला, त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. १८ जुलै १९६९ ला ते गेले. २०२२ मध्ये मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला.

मी कॉन्व्हेंटची. बीटल्सचं लिव्हरपूल बघायची स्वप्नं रंगवायचे, पण वाटेगाव पाहिलं नव्हतं! यंदा सुट्टीत जाऊन आले. बारा वर्षं शाळेत जाऊनही मराठी अडखळत वाचणारी मी, दीड दिवस शिकलेल्या त्या माणसाच्या स्मारकापुढे गप्प उभी राहिले. शिराळ्याला आलात तर सांगा, वाटेगावला मी घेऊन जाईन.