पहिले मिनिट

बाळ जन्मले की घरच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला : मुलगा की मुलगी? परिचर्या शिकताना मला त्याआधी दुसरेच पाच प्रश्न विचारायची सवय लागली. ते घालून दिले डॉ. व्हर्जिनिया अपगार यांनी.

त्यांचा जन्म १९०९ साली अमेरिकेतील न्यू जर्सीचा. त्यांना शल्यचिकित्सक व्हायचे होते. पण त्या क्षेत्रात स्त्रीला वाव कमी, म्हणून वरिष्ठांच्या सल्ल्याने त्या भूलशास्त्राकडे वळल्या. १९४९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातील पहिल्या महिला प्राध्यापक झाल्या. प्रसूतीच्या वेळी सर्वांचे लक्ष आईकडे असे. निळसर पडलेले मूल मागे राही. हे त्यांना खटकले. १९५३ मध्ये त्यांनी आपली गुणपद्धती प्रसिद्ध केली. हृदयाचे ठोके, श्वास, स्नायूंचा जोर, चेतवल्यावर मिळणारा प्रतिसाद आणि अंगाचा रंग. प्रत्येकी ० ते २, एकूण १० गुण. पहिल्या मिनिटाला मोजायचे. पुढे पाचव्या मिनिटाचीही भर पडली. श्वासच नसेल तर मात्र गुणांसाठी खोळंबायचे नाही, आधी मदत करायची.

१९७४ मध्ये त्या वारल्या. त्यांचे मोठेपण मला यात वाटते : न रडणाऱ्या बाळाची बाजू मांडायला त्यांनी परिचारिकेच्या हाती घड्याळ दिले आणि नजरेला शिस्त लावली.