गोळीचा वेग मोजणारा गणिताचा मास्तर

बारावीच्या फिजिक्सचा तो प्रॉब्लेम आठवतोय? लाकडाचा ठोकळा दोरीला टांगलाय, त्यात गोळी घुसते, ठोकळा अमुक सेंटिमीटर वर जातो, तर गोळीचा वेग काढा. तुम्ही तो मार्कांसाठी सोडवलात. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या माणसाने असा लोलक खरोखर टांगला, त्यावर खरोखरच्या गोळ्या झाडल्या आणि १७४२ मध्ये त्याचे आकडे छापले.

आज अमेरिकेत शिकारीचा परवाना असलेले अनेक जण रायफलची काडतुसं घरी भरतात. पितळी कवच, प्रायमर, पावडर, गोळी, सगळं स्वतः निवडायचं. (आपल्याकडे शिकारीला १९७२ च्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे हे घरी करून बघायचं प्रकरण नाही!) त्यांचा न संपणारा वाद म्हणजे गोळी कुठली घ्यायची आणि पावडर किती घालायची. या वादात अंदाज बाजूला ठेवून मोजमाप आणलं ते रॉबिन्सने.

त्याचा जन्म १७०७ चा, इंग्लंडमधल्या बाथ गावचा. घर गरीब आणि क्वेकर. क्वेकर म्हणजे युद्धाला धर्म म्हणून नकार देणारा पंथ. या घरातला मुलगा पुढे तोफांचा शास्त्रज्ञ झाला, आहे ना गंमत? गणित तो बराचसा स्वतःच शिकला, लंडनला येऊन शिकवण्या करू लागला आणि विसाव्या वर्षी रॉयल सोसायटीचा फेलो झाला. विसाव्या वर्षी आपण काय करत असतो, हे मी विचारणार नाही.

१७४१ मध्ये वूलिचला लष्करी अकादमी निघाली. तिथे शिकवायची रॉबिन्सची फार इच्छा होती. पण त्याने वॉलपोल सरकारच्या विरोधात पत्रकं लिहिली होती. जागा दुसऱ्याला मिळाली. रॉबिन्सने मग वर्गासाठी डोक्यात असलेलं सगळं पुस्तकात घातलं. ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ हे ते पुस्तक.

त्याआधी तोफखान्यातले लोक कागदावर छान पॅराबोला काढायचे आणि हवेचा अडथळा किरकोळ समजायचे. रॉबिन्सने पाऊण इंच व्यासाची शिशाची गोळी घेतली, तिच्या निम्म्या वजनाची दारू भरली आणि लोलकावर मारली. वेग आला सेकंदाला १,६०० फुटांहून जास्त. हवा नसती तर ४५ अंशात झाडलेली अशी गोळी १७ मैल गेली असती. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नव्हती! गोळीच्या वजनाच्या १०० पटींहून जास्त जोराने हवा तिला मागे ढकलत होती. शिवाय आवाजाच्या वेगाच्या आसपास हा अडथळा एकदम वाढतो, हेही त्याच्या लक्षात आलं.

आता घरी काडतूस भरणाऱ्याकडे परत या. नवखा माणूस आधी काय करतो? जास्तीत जास्त पावडर, हलकी गोळी, म्हणजे वेग भरपूर. पण रॉबिन्सचं गणित सांगतं की वेग जितका जास्त, तितकी हवा तो जास्त खाते. म्हणून लांबच्या नेमासाठी जड, लांबट, निमुळती गोळी घेतात. नळीतून ती थोडी हळू निघते, पण वेग टिकवून ठेवते. जड गोळीला साधारणपणे सावकाश जळणारी पावडर लागते, नाहीतर दाब भलत्याच वेळी चढतो. रॉबिन्सने आरमारालाही १७४७ मध्ये हेच सुचवलं होतं, की तोफा मोठ्या घ्या, दारू कमी घाला. ओलसर दारूने जोर कमी होतो हेही त्याने तपासलं होतं. आजचा शिकारी पावडर ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत तोलतो (एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम), ते दर वेळी वेग तोच यावा म्हणून. आणि लोलकाऐवजी तो क्रोनोग्राफ लावतो.

मला सगळ्यात आवडलेला प्रयोग मात्र वेगळाच आहे. मस्केटची गोळी सरळ का जात नाही? रॉबिन्सचं म्हणणं, ती नळीला घासून वेडीवाकडी फिरते आणि त्या फिरकीमुळे वळते. कुणाचा विश्वास बसेना. मग पठ्ठ्याने बंदुकीच्या नळीचं टोकच डावीकडे वाकवलं आणि समोर पातळ कागदाचे पडदे लावले. गोळी आधी डावीकडे गेली, आणि पुढे चक्क उजवीकडे वळली! स्पिनरचा चेंडू हवेत ड्रिफ्ट होतो, त्यामागेही हेच. यावर उपाय म्हणजे गोळीला एकाच दिशेने, तिच्या प्रवासाच्या रेषेभोवती फिरवायचं. रायफलच्या नळीतल्या पेचदार खाचा तेच करतात. रायफली आधीपासून होत्या, त्या नेमक्या का लागतात हे त्याने सांगितलं. आजही गोळी जितकी लांब, तितका त्या खाचांचा पीळ घट्ट लागतो. तो जुळला नाही तर महागातली पावडर घालूनही नेम बसत नाही.

त्याला रॉयल सोसायटीचं कोप्ली पदक मिळालं. ऑयलरसारख्या गणितज्ञाने १७४५ मध्ये त्याचं पुस्तक जर्मनमध्ये आणलं, वर स्वतःच्या भल्यामोठ्या टिपा जोडल्या.

आणि मग तो आला आपल्या देशात. फ्रेंचांकडून मद्रास परत मिळाल्यावर ईस्ट इंडिया कंपनीला किल्ले मजबूत करायचे होते. कंपनीचा मुख्य इंजिनियर म्हणून रॉबिन्स १७५० मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडला उतरला. हा किल्ला इंग्रजांनी १६९० मध्ये मराठ्यांकडून, म्हणजे जिंजीला असलेल्या राजाराम महाराजांकडून विकत घेतला होता. सौदा असा, की किल्ल्यावरून तोफ डागायची आणि गोळा पोचेल तिथपर्यंतचा मुलूख कंपनीचा. त्या गावांना पुढे तोफगोळ्याची गावंच म्हणू लागले.

तोफगोळा कुठवर जातो हे तेव्हा जगात सगळ्यात नीट माहीत असलेला माणूस त्याच किल्ल्यात तापाने खंगत गेला. कंपनीसाठी तटबंदीचे आराखडे करता करताच २९ जुलै १७५१ ला तो वारला. वय ४४. लग्न केलं नव्हतं. त्याचं लिखाण जेम्स विल्सन या मित्राने गोळा करून १७६१ मध्ये लंडनला छापलं.