देवळालीचे कापरेकर गुरुजी आणि ६१७४

संगणकाचे पहिले धडे गिरविणाऱ्या विद्यार्थ्यांना आज ज्यांच्या नावाचे उदाहरण हमखास सोडवावे लागते, ते दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आपल्या जुन्या ठाणे जिल्ह्यातलेच. १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणूला त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली. वडील कारकून, त्यांना ज्योतिषाचा नाद, त्यामुळे आकडेमोड घरातच होती. शिक्षण ठाण्याला व पुढे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. तेथे १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे यांच्या नावाचे गणिताचे पारितोषिक मिळाले. बी.एस्सी. होऊन १९३० ते १९६२ पर्यंत ते देवळालीला शाळामास्तर राहिले. विद्यापीठाची खुर्ची त्यांना लाभली नाही.

१९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी एक साधी गंमत मांडली. चार अंकी संख्या घ्या. चारही अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा आणि पुन्हा तेच करा. ३४५६ घेतल्यास ३०८७, मग ८३५२, मग ६१७४ येते आणि गाडी तेथेच थांबते. कोणतीही संख्या घ्या, फार तर सात पायऱ्यांत ६१७४ येतेच.

विद्वानांनी याला करमणूक म्हणून बाजूला सारले. त्यांचा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता, हे विद्यार्थी मित्रांनी समजून घ्यावे. हा गुण संख्येचा नसून ती लिहिण्याच्या रीतीचा आहे. आपण दहाच्या गटांनी लिहितो, संगणक दोनच्या. ६१७४ ला आठाने भागत जा : बाकी ६, ३, ०, ४ आणि शेवटी १ उरतो. बाक्या खालून वर वाचल्या की अष्टमान पद्धतीत तीच संख्या १४०३६ होते. अंकच बदलले, मग चार अंकांची जादू कुठली?

परंतु माझ्या मते खरी मौज येथूनच सुरू होते. अष्टमानात हाच खेळ खेळलात तर ३०६५ वरून ६१५२, त्यावरून ५२४३ आणि पुन्हा ३०६५ असे चक्र फिरत राहते. एक संख्या स्थिर होत नाही. पंचमानात मात्र प्रत्येक वाट ३०३२ ला जाऊन मिळते. दशमानात तिची किंमत ३९२. (पालकांनी मुलांकडून हे करून घ्यावे, हातच्याला दहाऐवजी पाच मोजायचे, एवढेच.) म्हणजे आक्षेपातूनच नवा प्रश्न निघाला : कोणत्या पद्धतीत थांबा आहे, कोणत्यात नाही? त्यावर पुढे गणितज्ञांनी शोधनिबंध लिहिले.

गुरुजींच्या डेम्लो संख्यांचे नाव आपल्या शेजारच्या डोंबिवली स्थानकावरून पडले. १११ चा वर्ग १२३२१. हे तर तीनपेक्षा मोठ्या कोणत्याही पायाच्या पद्धतीत असेच लिहिले जाते.

मार्च १९७५ मध्ये अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात मार्टिन गार्डनर यांनी त्यांच्यावर लिहिले, तेव्हा कोठे जगाचे लक्ष गेले. गुरुजी त्या वेळी सत्तरीचे होते. निवृत्तिवेतन पुरत नसल्याने त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. १९८६ साली ते वारले.